नस्तालीक, विंडोज आणि व्हायरस

विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आधीपासूनच शाळा, कार्यालये आणि छापखान्यांमध्ये नवे संगणक घेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. मराठी शाळेत अशा वेळी किंमत विचारतात, रॅम विचारतात, वॉरंटी किती वर्षांची ते विचारतात. उर्दू शाळेत, उर्दू प्रेसमध्ये, मदरशाच्या दफ्तरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "त्याच्यावर इनपेज चालेल ना?"

हा प्रश्न आता तीस वर्षांचा झाला. बाजारात कोणते विंडोज आले याच्याशी आपल्या लोकांना फारसे देणेघेणे नसे. कोणत्या विंडोजवर आपली लिपी नीट दिसते, एवढेच पाहिले जाई. त्यातून आपण कोणती यंत्रणा वापरायची हे ठरले आणि आपले संगणक किती सुरक्षित राहिले हेही ठरले. या दुसऱ्या गोष्टीकडे फार कमी लोकांनी लक्ष दिले आहे.

सुरुवात लिपीपासून करू. नस्तालीक यंत्राला सहजी वश होणारी लिपी नाही. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अक्षर वेगळे दिसते, इथवर अरबीसारखेच. पण नस्तालीकमध्ये शेजारी कोण बसले आहे यावरही अक्षराचे रूप बदलते. शब्द सपाट रेषेवर चालत नाही. उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरतो. नुक्ते एकमेकांना धडकू नयेत म्हणून त्यांना जागा शोधावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने उर्दू पुस्तके खिळ्यांनी छापून पाहिली. वाचकांच्या डोळ्यांना ती रुचली नाहीत. पुढे शिळाप्रेस आला, कातिबाच्या हातचे अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरू लागले आणि उर्दूने खिळ्यांकडे पाठ फिरवली. म्हणून मराठी वृत्तपत्रांत खिळे जुळवणारे कंपॉझिटर होते तेव्हा उर्दू वृत्तपत्रांत कातिबांची रांग बसत असे. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले उर्दू दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. लोक त्याचे कौतुक करतात. मला त्यात कौतुकाइतकीच लाचारीही दिसते.

कोंडी फुटली ती १९८१ च्या सुमारास. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांऐवजी संपूर्ण जोडाकृतीच यंत्रात भरायचे ठरवले. अठरा-वीस हजार आकृती हाताने लिहिल्या गेल्या आणि इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने त्या आपल्या यंत्रात बसवल्या. वडिलांच्या, नूर अहमद यांच्या नावावरून या खताला 'नूरी नस्तालीक' हे नाव मिळाले. लाहोरचे 'जंग' दैनिक १९८१ मध्ये त्याच खतात निघाले. पण ते यंत्र मोठ्या वृत्तपत्रालाच परवडणारे होते. मालेगाव किंवा भिवंडीच्या गल्लीतल्या छापखान्याने त्याचे स्वप्नही पाहू नये.

गल्लीतल्या छापखान्याला नूरी मिळाले ते १९९४ मध्ये. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने इनपेज आणले. मोनोटाइपकडून नूरी नस्तालीकचा परवाना घेतला आणि साध्या विंडोजवर चालणारे पानजुळणीचे सॉफ्टवेअर बनवले. तेव्हाच्या एका फॉन्टमध्ये अडीचशेच्या आसपासच आकृती मावत, म्हणून नूरीच्या हजारो आकृती कित्येक डझन फॉन्ट फाइलींमध्ये वाटून ठेवल्या होत्या. कोणत्या शब्दासाठी कोणत्या फाइलीतली आकृती उचलायची हे फक्त इनपेजला कळे. त्यामुळे इनपेजमध्ये लिहिलेले उर्दू इनपेजबाहेर निरर्थक होते. वर्डमध्ये चिकटवा, चिन्हांचा ढीग दिसायचा. श्रीलिपी वापरलेल्या मराठी वाचकाला ही डोकेदुखी माहीत असेल. एका सॉफ्टवेअरमधला मराठी मजकूर दुसऱ्यात नेला की असाच गोंधळ व्हायचा.

तरीही इनपेजचे उपकार मान्य करायलाच हवेत. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद १९९६ मध्ये सुरू झाली. तिने देशभर संगणक केंद्रे उघडून हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी शिकवणारा एक वर्षाचा डिप्लोमा दिला. त्या केंद्रांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी शादीचे रुक्के, शाळेच्या प्रश्नपत्रिका, स्थानिक साप्ताहिके, नातिया मजमुए असे सगळे काही इनपेजमध्ये जुळवले. महाराष्ट्रातल्या अनेक उर्दू घरांत पहिला पगार याच कामाचा आला.

अडचण किमतीची होती. अधिकृत प्रतीसोबत डोंगल येई. संगणकाला मागून लावायचा एक छोटा ठोकळा. तो नसेल तर सॉफ्टवेअर चालणार नाही. नकल रोखण्याचा तो उपाय होता. पण काही काळातच डोंगल न मागणाऱ्या, कुलूप तोडलेल्या प्रती सीडीवरून हातोहात फिरू लागल्या. इनपेज २ च्या अशा प्रती इतक्या पसरल्या की अधिकृत प्रत कशी दिसते हेच नव्या मुलांना माहीत नव्हते. आणि अशी प्रत टाकताना पहिली सूचना असे : "आधी अँटीव्हायरस बंद कर."

ही सूचना देणारा माणूस वाईट नव्हता. कुलूप तोडणारी फाइल अँटीव्हायरसला संशयास्पदच वाटते, कारण दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत हात घालणे हेच तिचे काम असते. पण त्या फाइलीत आणखी काय घातले आहे, हे सीडी देणाऱ्यालाही माहीत नसायचे. एकदा बंद केलेला अँटीव्हायरस मग बंदच राहायचा. पाळत ठेवणाऱ्याने गैरसोय होऊ नये म्हणून डोळे मिटून बसावे, अशी आपल्या संगणकांची अवस्था झाली.

इथे जरा मागे, लाहोरला जायला हवे. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस तिथे, १९८६ च्या जानेवारीत जन्मला आणि त्याचे मूळही नकल रोखण्यातच होते. बासित फारूक अल्वी आणि अमजद फारूक अल्वी या भावांचे ब्रेन कॉम्प्युटर सर्व्हिसेस नावाचे दुकान होते. त्यांनी वैद्यकीय कामाचे एक सॉफ्टवेअर लिहिले होते आणि त्याच्या चोरट्या प्रती फिरतात म्हणून ते वैतागले होते. त्यांनी फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात, बूट सेक्टरमध्ये जाऊन बसणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो फ्लॉपीचे नाव बदलून 'ब्रेन' करी आणि पुढच्या फ्लॉपीवर स्वतःची प्रत सोडी. त्याच्या आत भावांची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले होते. आज व्हायरस लिहिणारा स्वतःला लपवतो. या भावांनी व्हिजिटिंग कार्ड घातले होते! तो माहिती पुसत नसे, फ्लॉपी मंद करी, एवढेच. पण तो किती दूर जाईल याचा अंदाज त्यांना नव्हता. अमेरिकेतून फोन येऊ लागले तेव्हा कळले. पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये फिनलंडचे सुरक्षातज्ज्ञ मिक्को हायपोनेन त्या व्हायरसमधला पत्ता शोधत लाहोरला गेले, तर दोघे भाऊ त्याच पत्त्यावर भेटले.

दुसरी भावांची जोडी पुण्यातली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कामाला लागले. आधी कॅल्क्युलेटर, मग संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारे अनेक संगणक खरे तर बिघडलेले नसून व्हायरसने आजारी पडलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी अशा व्हायरसवर उतारा लिहायला सुरुवात केली. तेव्हा मायकेलँजेलो नावाच्या व्हायरसची दहशत होती. तो वर्षभर गप्प राही आणि ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरची माहिती नष्ट करी. त्या उताऱ्यांतून क्विक हील तयार झाले. लाहोरच्या दुकानात आजार आणि पुण्याच्या दुकानात औषध, अशी गोष्ट रंगवायचा मोह होतो. पण दोन्ही दुकानांचे दुखणे सारखेच होते. सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत नसलेला, फ्लॉपी हातोहात देणारा आपला उपखंड.

नकलेचा मसला दीनी अंगानेही तपासला गेला आहे, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेशी संलग्न आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या पाचव्या अधिवेशनात ठराव केला की लेखन आणि शोध यांवरचे हक्क शरियतच्या दृष्टीनेही संरक्षित आहेत, त्यांचे उल्लंघन करता येणार नाही. इनपेज येण्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. त्यानंतर हदीसच्या तर्जुम्यापासून रमजानच्या वेळापत्रकापर्यंत काय काय कुलूप तोडलेल्या प्रतींवर जुळवले गेले, ते प्रत्येक प्रेसवाल्याला ठाऊक आहे. मी कोणाला फतवा द्यायला बसलेलो नाही. मुद्दा असा की चोरीची प्रत फुकट पडत नाही, तिची किंमत सुरक्षिततेच्या खात्यात चुकती होते.

कशी, ते एक्सपीच्या काळात दिसले. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आले आणि इनपेज २ त्यावर अगदी सुखाने नांदले. मग व्हिस्टा आले, विंडोज ७ आले, ६४-बिट संगणक आले. जुन्या डोंगलचे ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चढेनात, जुना डोंगल लावायचे पोर्टच नव्या संगणकांतून गायब झाले. अधिकृत ग्राहक असा अडकला. चोरीच्या प्रतीवाल्यांनाही नव्या विंडोजवर नाना खटपटी कराव्या लागत. दोघांनाही एकच उत्तर सोपे वाटले : एक्सपीवरच राहा. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा पाठिंबा थांबवला. त्यानंतर सापडलेली भोके बुजवली जाणार नव्हती. शिवाय विंडोजही चोरीचे असेल तर अपडेट आधीपासूनच बंद असत, कारण अपडेट आले की "ही प्रत अस्सल नाही" अशी पाटी झळकायची.

याच काळात पेन ड्राइव्हचा जमाना होता. प्रेसमध्ये दिवसाला वीस ग्राहक वीस पेन ड्राइव्ह घेऊन येत. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप फाइल चालवण्याची विंडोजची सोय व्हायरसने पुरेपूर वापरली. २००८ च्या नोव्हेंबरात निघालेला कॉन्फिकर पुढे पेन ड्राइव्हमधूनही पसरला. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठी ही आपोआप चालण्याची सोय बंद करणारे अपडेट दिले. अपडेटच बंद असलेल्या संगणकाला ते कुठून मिळणार? मग १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय आला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. बाधितांत बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. म्हणजे पाठिंबा चालू असलेले, पण अपडेट न केलेले.

इथपर्यंतचे धोके सगळ्यांना सारखे होते. पुढचा धोका खास आपल्या लिपीचा आहे आणि उर्दूवाल्यांतच त्याची सर्वांत कमी चर्चा झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले की इनपेजमधल्या एका दोषाचा वापर करून आशियातल्या बँका आणि सरकारी संस्थांवर हल्ले होत आहेत. हल्लेखोर ईमेलने इनपेजची फाइल पाठवत. उघडली की फाइलीत दडवलेला प्रोग्रॅम चालू होई. वर्डच्या फाइलीबद्दल लोक सावध झाले होते. उर्दूच्या फाइलीवर कोण शंका घेणार? दोन वर्षांनी, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अशीच दुसरी मोहीम उघड केली. तिच्यात इनपेजची फाइल उघडताच व्हीएलसी प्लेअरची एक जुनी, कच्ची आवृत्ती संगणकावर उतरे आणि तिच्या आडून हेरगिरीचा प्रोग्रॅम आत येई. लक्ष्य झालेले बहुतेक जण पाकिस्तानातले होते. पण फाइलीला सरहद्द नसते. आपल्याकडेही मुशायऱ्याची निमंत्रणे आणि किताबींचे मसुदे अशाच फाइलींतून येतात-जातात.

दरम्यान एक शांत बदल होत होता. विंडोज २००० मध्ये देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला आणि मराठी हळूहळू फॉन्टच्या तुरुंगातून सुटली. उर्दूची अक्षरेही युनिकोडमध्ये होती, कळफलकही होता, पण दिसायचे ते नस्खमध्ये, अरबीसारखे. आपल्या डोळ्यांना ते उर्दू वाटतच नव्हते. २००८ मध्ये जमील नूरी नस्तालीक हा फॉन्ट आला. युनिकोडमधला, फुकट, आणि नूरीच्याच वळणाचा. आता वर्डमध्ये, ब्राउझरमध्ये, कुठेही नस्तालीक लिहिता येऊ लागले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा 'उर्दू टाइपसेटिंग' हा नस्तालीक फॉन्ट दिला, २०१४ मध्ये गूगलने नोटो नस्तालीक दिला. इनपेजनेही पुढच्या आवृत्त्यांत युनिकोड स्वीकारले. अँटीव्हायरसचेही तसेच झाले. विंडोज ८ पासून डिफेंडर आतच येतो, वेगळे पैसे नाहीत.

लिपीसाठी जुन्या विंडोजला चिकटून राहण्याचे कारण खरे तर तेव्हाच संपले. सवय मात्र संपलेली नाही. यंदा आमच्या शाळेत संगणकांची बोलणी चालली होती तेव्हा एक विक्रेता म्हणाला, "सर, विंडोज ७ टाकून देतो, इनपेज फ्री." बैठकीतले निम्मे लोक खूश झाले. नव्या संगणकावर, २०२० च्या जानेवारीत पाठिंबा संपलेले विंडोज आणि सोबत कुलूप तोडलेले इनपेज! ज्या संगणकावर मुलांचे आधार क्रमांक, शाळा सोडल्याचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जाणार, त्यावर. उर्दू शाळांत अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी आई-वडिलांच्या बँक खात्याचे तपशीलही येतात. ही अमानत आहे.

शेवटी आम्ही काय ठरवले ते सांगतो, कारण बऱ्याच शाळा आज याच वळणावर आहेत. नव्या संगणकांवर परवान्यासह आलेले विंडोज ११. ते ६४-बिटच असते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप मागते. आजच्या नव्या संगणकांत ती असते, पण जुना संगणक रंगरंगोटी करून नवा म्हणून विकला जात असेल तर इथे पकडला जातो. ज्या जुन्या संगणकांवर ११ चढत नाही त्यांच्यावर लिनक्स. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालल्या आहेत, त्यामुळे "मुलांना जमणार नाही" हे मी ऐकून घेत नाही. लिब्रेऑफिसमध्ये नस्तालीक नीट दिसते.

अँटीव्हायरसवर बराच वाद झाला. माझे मत असे की शाळेच्या प्रयोगशाळेला डिफेंडर पुरतो, पण अपडेट चालू हवेत आणि मुलांचे खाते साधे हवे, ॲडमिनिस्ट्रेटरचे नको. विकतचा अँटीव्हायरस घ्यायचा तर दरवर्षी नूतनीकरण कोण करणार हे आधी लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी घेतात आणि मग "मुदत संपली" ही पाटी बंद करत बसतात. दफ्तरातल्या संगणकाची आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत, आणि ती डिस्क एरवी काढून कपाटात. खंडणी मागणाऱ्या व्हायरसला कपाटातली डिस्क सापडत नाही.

सगळ्यात चिवट अडचण कळफलकाची निघाली. आपले किताबतवाले सौती कळफलकावर बसलेले, म्हणजे इंग्रजी उच्चाराप्रमाणे अक्षरे. विंडोजचा स्वतःचा उर्दू कळफलक वेगळा आहे. बोटे अडखळली की माणूस म्हणतो, "इनपेजच बरे." लाहोरच्या उर्दू संशोधन केंद्राने बनवलेला सौती कळफलक फुकट मिळतो, तो टाकल्यावर आमच्या क्लर्कबाईंची तक्रार दोन दिवसांत थांबली.

उरल्या जुन्या फाइली. गेल्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, वार्षिकांक, शाळेच्या संस्थापकांच्या तकरीरी, सगळे इनपेज २ मध्ये. त्यांच्यासाठी एक जुना संगणक बाजूला ठेवला आहे. त्याला इंटरनेट नाही, नेटवर्क नाही. बाहेरून आलेली फाइल त्यावर उघडायची नाही, फक्त आपल्याच जुन्या फाइली काढून युनिकोडमध्ये बदलायच्या. बदलताना हमज़ा, एराब आणि दोन शब्दांमधली जागा यांत चुका राहतात, त्या मशीनला कळत नाहीत. सध्या नववीच्या मुली दर शनिवारी छापील वार्षिकांक शेजारी ठेवून त्या तपासतात. १९९९ चा अंक झाला आहे, २००० चा अर्धा बाकी आहे.